मासोळ्या वर काहून येतात

"काहून जी मॅडम, जाळं शिकाले पाठवतो का मी तिले शाळेत?"

माझ्या पाचवीच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईनं मला हे विचारलं, तेव्हा मी तिच्याच अंगणात खाटेवर बसले होते. तिनं चहा ठेवला होता. समोर भिंतीला टेकून जाळं वाळत होतं आणि त्याचा ओला वास अंगणभर होता. मी मोठ्या उत्साहानं गेले होते. तिनं एक दिवस शाळेत यावं, मुलांना आपल्या तलावाबद्दल, त्यातल्या मासोळ्यांबद्दल दोन गोष्टी सांगाव्यात, एवढीच माझी विनंती होती. ती आनंदानं हो म्हणेल असं मी धरूनच चालले होते.

माझी शाळा सिहोऱ्याच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये, भातखाचरांच्या मधोमध. तुमसरहून स्कूटीनं जाते. गावाला मालगुजारी काळातला मोठा तलाव आहे आणि शाळेच्या मागच्या खिडकीतून त्याची मातीची उंच पाळ दिसते. गावात बहुतेक घरं शेतकऱ्यांची. तलावाकडच्या टोकाला मासेमारी करणाऱ्यांची थोडी घरं. दोन्हीकडची मुलं एकाच वर्गात बसतात, पण जेवताना पंगतीत कोण कुणाजवळ बसतं हे नव्या माणसालाही दोन दिवसांत कळतं. मी स्वतः वरठीला वाढले, रेल्वे स्टेशनच्या जवळ. आमच्या लहानपणी तलाव म्हणजे एसटीच्या खिडकीतून दिसणारं काहीतरी. त्यामुळे या गावात आले तेव्हा शेतातलं आणि पाण्यातलं मला जवळजवळ काही कळत नव्हतं.

त्या पावसाळ्यात मी प्राण्यांच्या श्वसनाचा पाठ घेत होते. मासा कल्ल्यांनी श्वास घेतो, पाण्यात विरघळलेली हवा वापरतो, असं पुस्तकातलं वाक्य फळ्यावर लिहिलं. मुलांनी ते उतरवून घेतलं. मग सहज विचारलं, "मासोळ्या पाण्याबाहेर तोंड काढतात, हे कुणी पाहिलंय का?"

त्या बाईची ही मुलगी भिंतीजवळ शेवटच्या ओळीत बसायची. बोलायची फार कमी. त्या दिवशी मात्र हात वर न करताच बोलून गेली, "ढगाळ असलं का सकाळी येतात मॅडम. सारा तलाव तोंडंच तोंडं होते. ऊन निघालं का मंग खाली जातात."

"रोज नाही येत?"

"नाई. ऊन असलं तं नाई येत."

मी खडू हातात धरून उभी राहिले. पाठ्यपुस्तकात जे वाक्य कोरडं पडलं होतं त्याला हिनं एका दमात जिवंत केलं होतं. पाण्यातल्या वनस्पती उन्हात प्राणवायू तयार करतात. दोन दिवस ढग राहिले की तो कमी पडतो, रात्री तर वनस्पतीही तोच वापरतात, आणि पहाटे मासे तडफडत वर येतात. पाचवीच्या मुलांना समजेल असं हे सगळं शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडे घडत होतं. मी तिला शाबासकी दिली. पुढच्या बाकावरचा एक मुलगा हळूच "मच्छी, मच्छी" म्हणाला आणि दोघं-तिघं हसले. त्यांना मी रागावले, आणि विषय तिथंच मिटला असं समजले.

त्याच आठवड्यात तिच्या घरी गेले.

तिची आई मला बसवून स्वतः उंबऱ्यावर बसली. माझं बोलणं तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि मग तो प्रश्न विचारला. मी म्हणाले, "जाळं शिकवायचं नाही हो ताई. तुम्हाला तलावाचं जे माहीत आहे ते विज्ञानच आहे. मुलांना कळू द्या ना."

"कोणत्या पोरांले?"

"वर्गातल्या सगळ्या."

"त्यायले कायले सांगू? ते काल माह्या पोरीले मच्छी म्हनून चिडवून राहिले होते. ती घरी येऊन जेवली नाई."

तिनं कपात चहा ओतला, माझ्यापुढे ठेवला आणि शांतपणे सांगू लागली. ती स्वतः याच शाळेत शिकलेली. चौथीत असताना शाळेत पाहुणे, साहेब कोणी आले की गुरुजी तिला वर्गातून उठवायचे आणि तिच्या बापाकडून मासोळी आणायला पाठवायचे. सगळा वर्ग गणित करत असायचा आणि ही पिशवी घेऊन पाळीवरून चालत असायची. "मले भागाकार येत नाई अजून," ती म्हणाली. "थो भागाकार शिकवला तवा मी मरळ आणाले गेलती."

"ते गुरुजी आता नाहीत," मी म्हणाले.

"नसतीन. पन शाळेत गेलं का आमाले मासोळीच विचारतात. तेव्हाबी थेच, आताबी थेच. तिले दुसरं शिकवा ना जी. आमच्या घरचं आमी शिकवतो."

चहा पिऊन मी उठले. स्कूटी सुरू करेपर्यंत मनात नुसता राग होता आणि तो नेमका कुणावर हे ठरत नव्हतं. त्या जुन्या गुरुजींवर तर होताच. थोडा त्या बाईवरही होता, हे खोटं कशाला बोलू. इतकं चांगलं शिकवायला मिळत असताना ती अडवत होती असं वाटलं. घरी पोचून भाजी चिरतानाही मी मनातल्या मनात तिच्याशी वाद घालत होते. वादात दर वेळी तीच जिंकत होती.

मग मी ठरवलं की कुणाच्या घरचं काही न विचारता आपण फक्त तलावाचं पाणी आणायचं. मुलांना घेऊन पाळीपर्यंत गेले, काठाची हिरवी पाणवनस्पती काढली, पाण्याच्या जुन्या बाटल्यांत भरली. एक बाटली व्हरांड्यात उन्हात ठेवली, दुसरीवर मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या टेबलावरचं काळं कापड गुंडाळलं. दुपारच्या सुट्टीनंतर पाहिलं तर उन्हातल्या बाटलीत देठांवरून बारीक बुडबुड्यांची माळ वर जात होती. कापडातल्या बाटलीत जवळजवळ काही नाही. मुलं एकमेकांच्या डोक्यावरून वाकून पाहू लागली.

एक शेतकऱ्याचा मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्या बांधीत चिखलात पाय टाकला का बुडबुडे निंगतात. ते बी हेच हाये का?"

मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं. म्हणाले, शोधून सांगते. त्या रात्री वाचून दुसऱ्या दिवशी सांगितलं की तो वायू वेगळा, चिखलात कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्याचा. वर्गात इतकी चर्चा झाली की इतिहासाचा तास राहून गेला. पंगतीत वेगवेगळे बसणारे तेव्हा एका बाटलीभोवती गोळा झाले होते, हे माझ्या लक्षात आलं आणि मला फार बरं वाटलं.

पण ते बरं वाटणं त्याच तासाला संपलं. मी ढगाळ सकाळचं स्पष्टीकरण देत होते. ऊन नाही, म्हणून प्राणवायू तयार होत नाही, म्हणून मासे वर येतात. भिंतीजवळून ती मुलगी उभी राहिली.

"माही माय म्हणते का ढग पाण्याले दाबतात. पाणी जड होते, मासोळीले श्वास नाई घेता येत."

"तसं नसतं बाळा. ढग पाण्याला दाबत नाहीत. पण आई जे बघते ना, ते अगदी बरोबर आहे. ढग आले की मासे वर येतात, हे तिनं बरोबर पाहिलंय. फक्त कारण—"

"मंग माही माय चूक सांगते का?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. त्या दिवशी "मच्छी" म्हणणारे तर फारच लक्ष देऊन. मी म्हणाले, "चूक नाही. अर्धं बरोबर आहे." ती खाली बसली. वर्षभरात पुन्हा ती तलावाबद्दल एक शब्द बोलली नाही. मी विचारलं तरी "माईत नाई" म्हणायची. तिला माहीत होतं. तिला माहीत आहे हे मलाही माहीत होतं, आणि त्या "माईत नाई"पुढे माझं काही चालत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीतले एक पालक आले. चांगले शेतकरी, मुलाच्या अभ्यासाकडे लक्ष देणारे. हात जोडून बोलले, पण आवाज चढलेला होता. "मॅडम, तलावाचा चिला-शेवाळ बाटलीत भरून कोणता अभ्यास होते? शिष्यवृत्तीच्या पेपरात हे येते का? आमी पोरांले चिखलातून काढाले शाळेत घालतो, अन् तुमी आणखी चिखलात नेऊन राहिल्या."

मी म्हणाले, "पेपरात श्वसन येतं. हे तेच आहे."

"मंग पुस्तकातलं सांगा ना. पाठ करून घ्या."

तलावाच्या पाळीखाली राहणारी बाई आणि गावच्या मधल्या आळीतला हा शेतकरी एकमेकांच्या घरी पाणी पीत नसतील, पण शाळेनं काय शिकवू नये यावर दोघांचं एकमत होतं. मुख्याध्यापक चांगले आहेत, निवृत्तीला आलेले आहेत. त्यांनी माझी बाजू घेतली आणि पालक गेल्यावर मला म्हणाले, "करा मॅडम, मी नाही म्हणत नाही. पण चाचणी जवळ आली. तेवढं सांभाळून करा." त्यांचं काळं कापड मी धुऊन परत दिलं.

हिवाळ्यात भंडाऱ्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. विषय होता, स्थानिक ज्ञानाची विज्ञान अध्यापनाशी सांगड. आदेश वाचून मला हसूही आलं आणि आशाही वाटली. सकाळच्या एसटीनं गेले. सभागृहात आमच्यासारखे किती तरी शिक्षक. पडद्यावर चित्रं सुरू झाली. पहिलं चित्र समुद्राच्या भरती-ओहोटीचं. किनाऱ्यावरचे लोक चंद्र पाहून होड्या कशा काढतात ते सांगितलं. मग नारळाच्या झाडांचं. माझ्या शेजारी लाखांदूरकडचे एक गुरुजी बसले होते. ते माझ्या कानाशी म्हणाले, "आपल्याकडं समुद्र केव्हा आला जी?" आमच्या ओळीत सगळ्यांना हसू फुटलं.

बोलणारा तरुण वाईट नव्हता. त्याला जे दिलं गेलं ते तो दाखवत होता. शेवटी तो म्हणाला, स्थानिक ज्ञानाचा आदर करा, मुलांच्या घरचं ज्ञान वर्गात आणा. प्रश्न असतील तर विचारा. मी उभी राहिले.

"घरचं निरीक्षण बरोबर असेल आणि घरच्यांनी सांगितलेलं कारण चुकीचं असेल, तर त्या लेकरासमोर काय बोलायचं? आणि घरचेच म्हणाले, आमचं वर्गात आणू नका, तर?"

"खूप छान प्रश्न आहे मॅडम. यावर आपण चहानंतर चर्चा करू."

चहा आला. चहानंतर हजेरीच्या सह्या झाल्या आणि मोबाइलवर फोटो कसे चढवायचे ते दाखवलं. दोन्ही दिवस तसेच गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसस्थानकावर बसची वाट पाहत पितळी भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसले, तेव्हा मला रडायला आलं. रडण्याजोगं तसं काही झालं नव्हतं. पण तो प्रश्न मी कित्येक महिने पोटात घेऊन हिंडत होते, आणि तो विचारायची एकच जागा आहे असं मला वाटलं होतं. ती जागा तर चहात गेली.

त्याच दोन दिवसांत इकडे भलतंच झालं होतं.

माझ्या बाटल्यांची गोष्ट केंद्रप्रमुखांच्या कानावर गेली होती. तालुक्याच्या प्रदर्शनात आमच्या शाळेनं "स्थानिक ज्ञानातून विज्ञान" या विषयावर काहीतरी मांडावं असं त्यांनी आधीच सुचवलं होतं. एक मुलगी टोपली घेऊन उभी करा, जाळं टांगा, दिसायला चांगलं होईल, असं त्यांचं म्हणणं. मी स्पष्ट नाही म्हणाले होते. म्हटलं, बाटल्या मांडू, बुडबुडे दाखवू, कुणाला टोपली घेऊन उभं करणार नाही. ते म्हणाले, "बघू." मी भंडाऱ्याला गेले आणि त्यांनी बघितलं.

माझ्या सहकारी शिक्षिकेनं तयारी करून दिली. तिचाही दोष काय, तिला वरून सांगितलं होतं. तलावाकडच्या घरातली मुलगी मागायची हिंमत झाली नाही, म्हणून मधल्या आळीतली एक शेतकऱ्याची मुलगी निवडली. तुमसरच्या दुकानातून भाड्यानं पोशाख आणला. तो किनाऱ्यावरच्या बायकांचा, गुडघ्यापर्यंत नेसलेलं हिरवं लुगडं, अंबाड्यात भरगच्च गजरा. टोपलीत थर्माकोलचे मासे ठेवले, आणि ते मासेसुद्धा पापलेटाच्या आकाराचे. बाटल्या टेबलाच्या एका कोपऱ्यात होत्या. त्यांतली वनस्पती कुजून तपकिरी झाली होती, कारण पाणी कुणी बदललं नव्हतं. पाहुण्यांनी त्या मुलीबरोबर फोटो काढले. आमच्या शाळेला बक्षीस मिळालं.

मी परत आले तेव्हा मुख्याध्यापकांच्या टेबलावर चषक ठेवला होता. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. "तुमचंच आहे मॅडम."

मी तेव्हा जे बोलले ते शाळेच्या व्हरांड्यात मुलांनीही ऐकलं असेल. इतका आवाज मी नोकरीत कधी काढला नव्हता. "सर, हा वेश आपल्या तलावावर कोणी नेसतं का? आपल्या लेकरांनी हा मासा जन्मात पाहिलाय का? सगळ्यात जवळचं सोडून आपण दोनशे कोसांवरचं उचलून आणलं आणि त्याला स्थानिक म्हटलं!" मुख्याध्यापक मान खाली घालून बसले. मग म्हणाले, "साहेब स्वतः उभे होते मॅडम. मी काय बोलणार होतो?" त्यांचा चेहरा बघून माझा आवाज खाली आला, राग नाही आला खाली.

भिंतीजवळ बसणारी ती मुलगी इतरांबरोबर प्रदर्शन बघायला गेली होती. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली. वर्षभरात आपण होऊन ती पहिल्यांदाच जवळ आली होती.

"मॅडम, आमच्याकडं असं कोनी नेसत नाई."

"मला माहीत आहे."

"मंग तिले तसं काहून नेसवलं?"

मी म्हणाले, "मोठ्यांना माहीत नव्हतं." तिला ते पटलं नाही. हातातला डबा घेऊन ती निघून गेली.

आठवड्यानं सिहोऱ्याच्या बाजारात तिची आई भेटली. ती मासोळी घेऊन बसली होती. कुणीतरी तिला मोबाइलवर फोटो दाखवला होता. मला पाहून तिनं मान वर केली. "मी नाई म्हटलं होतं ना जी तुमाले. तरी आमाले उभं केलंच."

मी सांगू शकले असते की मी गावात नव्हते, मी विरोध केला होता, ती मुलगी तुमची नव्हती. सगळं खरं होतं. पण ते बाजारात, तिच्या तराजूसमोर उभं राहून सांगण्यात काही अर्थ वाटला नाही. "ताई, माझं कोणी ऐकलं नाही," एवढंच म्हणाले. ती म्हणाली, "आमचंबी," आणि समोरच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

त्यानंतर मी प्रयोग बंद केले. पुस्तक शिकवलं, प्रश्नोत्तरं घेतली, चाचणीत मुलांना बरे गुण पडले. समितीतले पालक खूश झाले. मला सकाळी स्कूटी काढायचा कंटाळा यायला लागला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी अवकाळी ढग आले. सलग दोन दिवस सूर्य दिसला नाही. तलावात पाणी आधीच कमी झालेलं. तिसऱ्या दिवशी मी शाळेत पोचले तर पाळीवर माणसं गोळा झालेली. मासेमारी करणारे सगळे गडी पाण्यात उतरून झाडाच्या फांद्यांनी पाणी झोडपत होते. दोघं जण डोंग्यात बसून बांबूनं पाणी उसळवत होते. मुलं फाटकातून उड्या मारून पाहत होती. कुणीतरी ओरडलं, "मॅडम, मासोळ्या मरून राहिल्या!"

मी परवानगी मागितली नाही. पाचवीच्या मुलांना रांगेत उभं केलं आणि पाळीवर घेऊन गेले.

सगळ्या तलावावर तोंडं होती. लहान, मोठी, उघडी, मिटणारी. पाण्यावर पाऊस पडत असावा तसं दिसत होतं. काठाला काही मासे पोट वर करून तरंगत होते. मी कित्येक महिने ज्याबद्दल बोलत होते ते मी स्वतः पहिल्यांदाच पाहत होते. मग बांधीतल्या बुडबुड्यांबद्दल विचारणारा तो मुलगा हळूच म्हणाला, "पाण्यात हवा मिसळून राहिले ते. म्हनून मारतात. नाई का मॅडम?" मी नुसती मान हलवली.

ती मुलगी पाण्याच्या काठाशी तिच्या आईजवळ जाऊन उभी राहिली होती. आई गुडघाभर पाण्यात फांदी मारत होती. तिनं आम्हाला पाहिलं. मला वाटलं, आता चिडेल. ती ओरडली, "त्या लेकरांले मांगं सरकवा जी, घसरण हाये तिथं!" मी मुलांना मागं घेतलं. थोड्या वेळानं ती दम खायला वर आली. पदरानं तोंड पुसत माझ्याजवळ उभी राहिली.

"ऊन निघालं का वाचतीन," ती म्हणाली.

"हो. ऊन आलं की पाण्यातलं हिरवं हवा तयार करतं."

"पोरगी सांगत होती तुमचं. मले नाई पटत. ढगाचं वजन पडते पाण्यावर. उरावर पडल्यावानी होते ढग असले का, मानसाले बी होते." तिनं काठाच्या हिरव्याकडे बोट केलं. "पन हिरवं जास्त झालं का मासोळी जास्त मरते, हे मातर मी पाह्यलं हाये. ते तुमच्या बोलन्यात बसते का?"

"बसतं. हिरवं जास्त असलं की रात्री तेच हवा ओढून घेतं."

"मंग काढाव का ठेवाव?"

किती काढावं आणि किती ठेवावं, हे मला सांगता आलं नाही. जास्त झालं तर काढावं म्हणतात, पण जास्त म्हणजे किती, हे मी वाचलेल्यात नव्हतं. तसं बोलले. ती "हं" म्हणाली आणि पुन्हा पाण्यात उतरली. ना तिला माझं पटलं, ना मला तिचं. पण आम्ही दोघी एकाच गोष्टीकडे बघत बोललो होतो, आणि मुलगी मध्ये उभी राहून दोघींचं ऐकत होती. तिला कुणीही "माय चूक सांगते का" असा प्रश्न विचारायला लावला नाही.

दुपारी ऊन पडलं. बरेच मासे वाचले, बरेच गेले. मधल्या आळीतून तक्रारही आली की मॅडमनं पोरं पाण्याजवळ नेली. केंद्रप्रमुखांचा फोन आला. पोरं बुडाली असती तर जबाबदार कोण, असं त्यांनी विचारलं, आणि ते विचारणं चूक नव्हतं. मी माफी मागितली. मग त्यांनी विचारलं, फोटो काढलेत का? मी म्हणाले, नाही. ते निराश झाले.

त्यानंतर काही दिवसांनी ती आई पहिल्यांदाच शाळेत आली. वर्गाच्या दारात चप्पल काढून उभी राहिली. मी लगबगीनं बाहेर आले. मनात आलं, आता ही म्हणेल, येते एक दिवस, सांगते मुलांना. व्हरांड्यात खुर्ची दिली, ती बसली नाही.

"मॅडम, तिले इंग्रजी वाचता येत नाई. पुढं सहावीले सिहोऱ्याले जाईन तं तिथं हसतीन तिले. तेवढं पाहा ना जी."

"पाहते," मी म्हणाले.

"तलावाचं ती पाहून घेईन."

तेव्हापासून शाळेचं वर्ष संपेपर्यंत रोज जेवणाच्या सुट्टीनंतर ती माझ्या टेबलाशी बसायची. आधी अक्षरं, मग छोटे शब्द. तिचं बोट ओळीखालून सरकायचं आणि अडलं की मान वर न करता थांबायचं. एप्रिलपर्यंत ती सावकाश का होईना, धडा वाचू लागली. मागच्या खिडकीतून तलाव दिसायचा. मी त्याबद्दल विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. खरं सांगायचं तर विचारायची फार इच्छा व्हायची. किती तरी वेळा वाक्य ओठांवर यायचं आणि मी पुढचं पान उलटायचे.

आता नवीन पाचवी आली आहे. श्वसनाचा पाठ पुन्हा तोच आहे. फळ्यावर वाक्य लिहून मी मुलांकडे वळते, आणि मासोळ्यांच्या तोंडांचं विचारावं की नाही या विचारात खडूचा तुकडा बोटांत फिरवत राहते. पुढच्या बाकावरची एक मुलगी काल विचारत होती, "मॅडम, तुमी लिहून थांबता काहून?"